इम्प्लांटची वॉरंटी स्क्रूला असते, हिरडीला नसते

पोस्ट मोठी आहे. एका दमात नाही झाली तर चहा घेऊन परत या, पण पूर्ण वाचा. विषय दाताचा आहे, म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

सध्या आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन मेसेज फिरतायत. पहिला : "दाताचं इम्प्लांट अजिबात करू नका, हिरडीतलं विष थेट हृदयात जातं, हार्ट अटॅक येतो." खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. दुसरा मेसेज म्हणजे जाहिरात : "हिरड्या खराब तर हृदय धोक्यात! पडलेले दात ठेवू नका, आजच इम्प्लांट करा. हप्त्यांची सोय. लाइफटाइम वॉरंटी." गंमत बघा, भीती एकच आहे. एकजण ती दाखवून सांगतो करू नका, दुसरा तीच दाखवून सांगतो आत्ताच करा. आणि दोघांपैकी कोणीही तुमच्या तोंडात डोकावून हिरडी बघितलेली नाही.

मी डॉक्टर नाही. वीस वर्षं या पट्ट्यात बातम्या करतो, वालीव नाका ते वसई फाटा. पण या विषयावर जेवढं छापून आलंय त्यातलं मला कळेल तेवढं वाचलं, दोन-तीन डेंटिस्ट मित्रांचं डोकं खाल्लं, आणि माझं मत असं झालंय की हे दोन्ही मेसेज आपल्याला मूळ प्रश्नापासून लांब नेतात. मूळ प्रश्न हा आहे की इम्प्लांट विकला जातो एखाद्या फ्लॅटसारखा : बुकिंग, हप्ते, चावी हातात, विषय संपला. आणि चावी दिल्यानंतर जे खरं काम सुरू होतं, त्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

आधी इम्प्लांट म्हणजे काय ते सांगतो, कारण ग्रुपवर भांडणाऱ्या निम्म्या लोकांना कॅप आणि इम्प्लांट एकच वाटतं. कॅप दातावर बसते. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, आणि त्याच्यावर दात. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना १९५२च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना लक्षात आलं की टायटॅनियमला हाड चिकटून वाढतं, इतकं की धातू नंतर सुटत नाही. त्यांनी १९६५मध्ये पहिल्या माणसाला असे स्क्रू बसवले, योस्टा लार्सन त्याचं नाव. तो २००६मध्ये वारला तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तो त्याच इम्प्लांटांवर जेवला. त्यामुळे 'इम्प्लांट म्हणजे विष' हा फॉरवर्ड पहिल्याच फटक्यात बाद करा. वस्तू चांगली आहे. प्रश्न वस्तूचा नाहीये.

प्रश्न हा आहे की स्क्रू सडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड तुमचंच असतं, आणि ते सडतं.

आपला नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. मध्ये बारीक तंतूंची गादी असते, आणि हिरडीचे धागे दाताच्या मुळात अक्षरशः शिरलेले असतात. इम्प्लांटला ती गादी नाही. हिरडीचे धागे त्याच्यात शिरत नाहीत, भोवतीनं कडं करून असतात. माझ्या डेंटिस्ट मित्राने सोपं करून सांगितलं : दाताला हिरडी शिवलेली असते, इम्प्लांटला नुसती गुंडाळलेली असते. म्हणून तिथे घाण साचली की जंतूंना खाली हाडापर्यंत जायला अडवणारं फार काही नसतं. रक्तपुरवठाही तिथे दातापेक्षा कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बऱ्याचदा दुखत नाही. दात किडला की रात्री दोनला माणूस उठून लवंग शोधतो. इथे ब्रश करताना थोडं रक्त, तोंडाला वास, दाबलं तर कधी पू. बस. माणूस म्हणतो, नवीन ब्रश कडक आहे.

याचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात नुसती हिरडी सुजते, हाड शाबूत असतं. नीट साफ केलं तर परत जागेवर येते. दुसऱ्यात हाड झिजायला लागतं, त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. आपल्या भाषेत, इम्प्लांटचा पायरिया. गेलेलं हाड सहजासहजी परत येत नाही. हे किती जणांना होतं? २०१५मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा : पहिला टप्पा सुमारे ४३ टक्के लोकांत, दुसरा सुमारे २२ टक्क्यांत. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे खूप खालीवर आहेत, पण स्वीडनसारख्या देशातही, इम्प्लांट बसवून नऊएक वर्षं झालेल्या लोकांना बोलावून तपासलं तेव्हा १४.५ टक्क्यांत मध्यम ते गंभीर आजार निघाला. स्वीडनमध्ये! जिथे लोक तपासणीला जातात. आता आपल्याकडे स्क्रू बसवून गावी निघून गेलेल्यांचा हिशेब तुम्हीच करा.

जाहिरातीत यातलं काय असतं? काहीच नाही. 'लाइफटाइम वॉरंटी' असते. ती वॉरंटी नीट वाचा. कंपनी म्हणते, आमचा स्क्रू मोडला किंवा हाडात बसला नाही तर आम्ही दुसरा देऊ. धातूची हमी आहे. तुमच्या हाडाची हमी कोण देणार? हाड झिजलं तर दुसरा स्क्रू फुकट मिळून तरी कुठे बसवणार, हवेत?

आता हृदयाकडे येतो. इथे सावकाश वाचा, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध कोणी काल शोधलेला नाही. फिनलंडमध्ये १९८९मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात हार्ट अटॅक आलेल्यांची तोंडं इतरांपेक्षा जास्त खराब निघाली. तेव्हापासून शेकडो अभ्यास झाले. त्यातला मला पटलेला एक स्वीडनचा, २०१६चा. पहिला हार्ट अटॅक आलेले ८०५ जण आणि न आलेले ८०५ जण, दोघांच्या दातांचे एक्स-रे काढून तुलना. अटॅकवाल्यांत ४३ टक्क्यांना पायरिया, बिनअटॅकवाल्यांत ३३ टक्क्यांना. सिगारेट, डायबिटीस, शिक्षण या गोष्टी हिशेबात घेऊन वजा केल्यावरही फरक उरला, साधारण २८ टक्क्यांचा. हृदयाच्या नळीत साचलेल्या थरात हिरडीतल्या जंतूंचे अंशही सापडलेत. म्हणजे काहीतरी आहे, हे नाकारता येत नाही. हिरडीची सततची सूज रक्तात दाह वाढवते, आणि नळ्यांच्या आतल्या अस्तराला तो दाह सोसत नाही, असा तर्क आहे. इंग्लंडमध्ये १२० रुग्णांवर प्रयोग झाला, २००७मध्ये तो प्रसिद्ध झाला : हिरड्या कसून साफ केल्यावर सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं. पण साफ केल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दाह उलट वाढला होता, हेही त्याच प्रयोगात आहे. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

पण 'संबंध आहे' आणि 'याच्यामुळे ते होतं' यात फरक आहे, आणि हा फरक आपल्याला शाळेत शिकवला पाहिजे होता. पावसाळ्यात छत्र्या जास्त विकल्या जातात आणि सनसिटीच्या रस्त्यावर पाणीही भरतं, म्हणून छत्र्यांनी पाणी भरलं असं होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२मध्ये सगळा पुरावा चाळून स्पष्ट लिहिलं : संबंध दिसतो, पण पायरियामुळेच हृदयविकार होतो याचा पुरावा नाही, आणि हिरड्यांवर उपचार केल्याने अटॅक टळतात असंही सिद्ध झालेलं नाही. आणि हे सगळं नैसर्गिक दातांच्या पायरियाबद्दल. इम्प्लांटभोवतीच्या आजाराचा हृदयाशी थेट संबंध सांगणारा पुरावा त्याहून कितीतरी तोकडा आहे. तिथली बरीच भिस्त 'दातांत असं होतं, मग इम्प्लांटमध्येही होत असणार' या अंदाजावर आहे. अंदाज चुकीचा नसेलही. पण अंदाजावर बॅनर छापायचा नसतो.

मग हार्ट अटॅक येतात कशाने? ते तर माहिती आहे ना! २००४मध्ये ५२ देशांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात भारतही होता. तंबाखू, बीपी, डायबिटीस, रक्तातली चरबी, सुटलेलं पोट, ताण, भाज्या-फळं न खाणं, व्यायाम नसणं, या गोष्टी बहुतेक सगळ्या पहिल्या अटॅकांच्या मुळाशी निघाल्या. त्याच अभ्यासाचा तंबाखूवरचा भाग २००६मध्ये आला. नुसता चघळायचा तंबाखू, न जाळता, हार्ट अटॅकची शक्यता सव्वादोन पट करतो. चघळणं आणि ओढणं दोन्ही असेल तर चार पट. आणि आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. पन्नाशीच्या आसपास. म्हणजे मुलीचं लग्न आणि मुलाचं कॉलेज एकदम डोक्यावर असतं त्या वयात.

आता वालीवकडे बघा. गाळ्यांमध्ये बारा-बारा तासांची पाळी. पावडर कोटिंग, प्लास्टिक मोल्डिंग, फर्निचर, पॅकिंग. झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली जुलै २०१२मध्ये. तेव्हापासून आम्ही पत्रकार हायवेवर टेम्पो पकडल्याच्या बातम्या करतोय, आणि सुपारी-तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या एकत्र करून तोच गुटखा प्रत्येक नाक्यावर विकला जातोय. घरी आई-आजी मिसरी लावतात, सकाळी दात 'घासायला' म्हणून. राज्यात मोठ्या माणसांमधला चारातला साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो. देशात डायबिटीसचे रुग्ण दहा कोटींवर गेलेत. डायबिटीस हिरडी बिघडवतो, आणि बिघडलेली हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्हीकडून मार.

म्हणजे बघा, जो माणूस चाळिशीत तंबाखूने आणि पायरियाने दाढ गमावतो, त्याच माणसाला पन्नाशीत अटॅक येण्याची शक्यता जास्त आहे. दाढेने अटॅक आणला म्हणून नाही. दोघांना बोलावणारा एकच आहे. तो माणूस डेंटिस्टच्या खुर्चीत बसतो तेव्हा ती त्याच्या आयुष्यातली एकमेव वेळ असते, जेव्हा कोणी शिकलेला माणूस त्याच्या तोंडात अर्धा तास बघतोय. त्या अर्ध्या तासात विचारायला हवं : तंबाखू किती? साखर कधी तपासली? बीपी? घरात कोणाला अटॅक? हे चार प्रश्न फुकट आहेत. पण मी ज्या लोकांशी बोललो त्यातल्या बहुतेकांना एकच प्रश्न विचारला गेला होता. कॅश की हप्ता?

माझा राग इथे आहे. हृदयाचं नाव घेऊन इम्प्लांट विकतात, आणि हृदयाबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत.

ओळखीतल्या एकाची गोष्ट सांगतो, क्लिनिकचं नाव घेणार नाही. एका कंपनीत सुपरवायझर, अँजिओप्लास्टी होऊन पाच महिने झालेले. दाढ काढून इम्प्लांट ठरलं. क्लिनिकमधल्या पोराने फोनवर सांगितलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस बंद करून या, ब्लीडिंग नको. त्याने बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बायकोने गोळ्यांचं पाकीट बघितलं, तिला हार्टच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं आठवलं, तिने फोन करून विचारलं आणि गोळ्या परत सुरू झाल्या. काही झालं नाही. नशीब. पण होऊ शकलं असतं. नवीन स्टेंट असताना ही जोडगोळी मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गाठ बसून पुन्हा अटॅक येऊ शकतो, जीव जाऊ शकतो. हे मी सांगत नाही. अमेरिकेतल्या हृदयाच्या आणि सर्जनांच्या संघटनांनी २००७मध्ये संयुक्त सूचना काढली, आणि त्यात दंतवैद्यांची संघटनाही सही करणारी होती. त्यांनी म्हटलंय की हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि जे काम थांबू शकतं ते पुढे ढकला. इम्प्लांट थांबू शकतो. पाच महिने फट दिसली तर कोणी मरत नाही. तर हिरडीतून विष हृदयात जाईल की नाही हा वाद चालू द्या, पण इम्प्लांटपायी हृदयाला खरा, ताबडतोबचा धोका कुठे आहे ते इथे बघा. एका फोनवरच्या वाक्यात. तुमच्या घरी स्टेंटवाला माणूस असेल तर या पोस्टमधला एवढा एक परिच्छेद त्याला वाचून दाखवा, बाकी नाही वाचली तरी चालेल.

दुसरा खरा धोका झडपवाल्यांना. लहानपणी घसा-सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेले लोक आपल्याकडे अजून खूप आहेत, केईएममध्ये ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवलेले. तोंडातले जंतू रक्तात जाऊन त्या झडपेवर घर करू शकतात. हा आजार दुर्मीळ आहे पण जीवघेणा आहे. अशांना दात काढताना, हिरडी कापताना आधी अँटिबायोटिकचा डोस द्यायचा असतो. सरसकट सगळ्यांना नाही, कृत्रिम झडप, पूर्वी हाच आजार होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही प्रकार, एवढ्यांनाच. आणि तेच तज्ज्ञ पुढे सांगतात की एका डोसापेक्षा रोजची तोंडाची स्वच्छता मोठी, कारण जंतू रक्तात फक्त डेंटिस्टच्या खुर्चीत जात नाहीत, खराब हिरडी असेल तर जेवतानाही जातात. झडपवाल्या माणसाच्या तोंडात इम्प्लांटभोवती पू ठेवणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

आता माझे डेंटिस्ट मित्र चिडतील. म्हणतील, आम्ही सगळे असे नाही. मान्य. वसईत असे डेंटिस्ट आहेत जे आधी हिरड्या साफ करतात, तीन महिने बघतात, तंबाखू सोडल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाहीत, आणि पेशंट रागावून दुसरीकडे गेला तरी चालेल म्हणतात. अशांचं गिऱ्हाईकच ऑफरवाल्यांनी पळवलंय. म्हणून तर त्यांनी बोललं पाहिजे. डेंटल कौन्सिलच्या २०१४च्या आचारसंहितेला रुग्ण ओढण्यासाठी जाहिरातबाजी करणं मान्य नाही. मग नाक्यानाक्यावर 'दोनवर एक फ्री' कसं लागतं? दात काय बनियन आहे?

आणि पेशंटचंही चुकतं, ते पण लिहितो. "दात साफ केले की हलतात" हा समज डोक्यातून काढा. दात आधीच सुटे झालेले असतात, दगडासारखा साचलेला टार्टर त्यांना धरून असतो. तो काढला की खरी स्थिती दिसते, एवढंच. काहीशे रुपयांची सफाई टाळतो आणि नंतर एका दाताला वीस, तीस, पन्नास हजार मोजतो. शिवाय ज्या पायरियाने पहिला दात खाल्ला तो तोंडातच बसलेला असतो, स्क्रू त्याच्याच ताटात वाढला जातो. पूर्वी पायरिया झालेला असणं, रोजची सफाई नीट नसणं आणि नियमित तपासणीला न जाणं, ही इम्प्लांट बिघडण्याची सर्वात पक्की ठरलेली कारणं आहेत. आणि हो, बिघडला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं हा इलाज नाही. स्क्रूच्या आट्यांत अडकलेली घाण हाताने काढावी लागते, कधी हिरडी उघडून.

एक गोष्ट जी मला स्वतःला माहीत नव्हती. इम्प्लांटच्या शेकडो कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचे सुटे भाग, स्क्रू फिरवायची चावी वेगळी. वालीवमध्ये बसवलेला इम्प्लांट जौनपूरला किंवा सोलापूरला ढिला झाला तर तिथल्या डेंटिस्टला कंपनी आणि माप माहीत असल्याशिवाय तो उघडतासुद्धा येत नाही. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, साइज, लॉट नंबरचं स्टिकर असतं. ते तुमचं आहे, मागून घ्या. आणि दात बसवला त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या, कारण हाड झिजलं की नाही हे ठरवायला सुरुवातीचा फोटो लागतो. आपल्या पट्ट्यात निम्मी वस्ती दर दोन-तीन वर्षांनी कंपनी नाहीतर खोली बदलते. त्यांच्याकडे काय असतं? एक पांढरी चिठ्ठी, त्यावर 'पेड'.

आता सरकार आणि महापालिका. हार्ट अटॅक आला तर महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, चांगली गोष्ट आहे, आपल्यातल्या अनेकांचे जीव वाचलेत. स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी २०१७मध्ये मर्यादा घातली, ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर घातली. दाताच्या इम्प्लांटवर कमाल किमतीची मर्यादा नाही, म्हणून तोच प्रकार इथे पंचवीस हजारांना आणि पुढच्या गल्लीत पन्नासला. बरं, इम्प्लांट ही चैन म्हणून सोडून देऊ. पण हिरडी साफ करणं ही चैन आहे का? पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्याच २०१४-१५च्या वर्षात केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, सरकारी दवाखान्यांत दाताची खुर्ची, डॉक्टर, साहित्य यासाठी राज्यांना पैसे देण्याचा. तेव्हापासून आपल्या पट्ट्यात अशा किती खुर्च्या आल्या आणि त्यातल्या किती चालू आहेत?

आणि ईएसआय. गाळ्यांतल्या ज्या कामगारांचं कार्ड आहे त्यांच्या पगारातून जुलै २०१९पासून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. दर महिन्याला. या पैशांत वर्षातून एकदा हिरडी बघून देणारा डॉक्टर कंपनीच्या दारात येऊ शकत नाही? आज वालीवच्या कामगाराला स्वस्तात दात दाखवायचे तर शेअर रिक्षाने वसई स्टेशन, तिथून लोकलने मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज. लाइन मोठी, एका दिवसात काम होईलच असं नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक दिवसाचा पगार. चार फेऱ्या म्हणजे चार दिवस. मग तो नाक्यावरच्या ऑफरला जातो, त्याला मूर्ख म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

काहीजण कमेंटमध्ये म्हणतील, इथे पाण्याचे वांधे, रस्त्यात खड्डे, आणि तुम्ही दातांचं काय घेऊन बसलात. पाण्यावर आणि खड्ड्यांवर मी किती लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. पण खड्डा दिसतो, त्याचा फोटो निघतो. हिरडीतला पू दिसत नाही, म्हणून तो कोणाच्या जाहीरनाम्यात येत नाही.

तर या आठवड्यात मी माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय. महापालिकेला : तुमच्या कोणत्या रुग्णालयात, दवाखान्यात, आरोग्य केंद्रात दाताची खुर्ची आहे, ती आठवड्यातून किती दिवस चालू असते, गेल्या वर्षी किती जणांच्या हिरड्यांवर उपचार झाले. ईएसआयला : वालीव-सातिवली पट्ट्यातल्या विमाधारकांसाठी दंतसेवा कुठे आहे आणि गेल्या वर्षी किती कामगारांनी ती घेतली. महाराष्ट्र राज्य डेंटल कौन्सिलला : ऑफरच्या जाहिरातींबद्दल पालघर जिल्ह्यातून किती तक्रारी आल्या, किती जणांवर कारवाई झाली.

अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तरं आली की जशीच्या तशी इथे टाकतो. नाही आली तर अपिलाची तारीख टाकतो. तोवर तुमच्यापैकी कोणाच्या हातात गेल्या दोन-तीन वर्षांतल्या इम्प्लांटची पावती असेल, तर तिच्यावर कंपनीचं नाव आणि लॉट नंबर लिहिलाय का तेवढं बघा आणि मला इनबॉक्समध्ये कळवा. क्लिनिकचं नाव नको, तुमचंही नको. फक्त 'आहे' किंवा 'नाही'.